लोणी खंडाला, ताक घरच्यांना: जुन्या आयर्लंडच्या खेड्यातलं जेवण आणि करमणूक

दोनशे वर्षांपूर्वी आयर्लंडच्या खेड्यातला गरीब माणूस रोज काय जेवायचा, हे तीन शब्दांत सांगून होतं: बटाटे, ताक, मीठ. सकाळी तेच, दुपारी तेच, रात्री काही मिळालंच तर तेही तेच. धडधाकट मजूर दिवसाला पाच-सहा किलो बटाटे सहज संपवायचा. हा आकडा पहिल्यांदा वाचला की छपाईची चूक वाटते, पण त्या काळच्या सरकारी पाहण्यांत आणि प्रवासवर्णनांत तो इतक्या वेळा येतो की मान्य करावाच लागतो.

या देशात गवत बारा महिने हिरवं असतं. गाईगुरं भरपूर, ओट आणि बार्ली चांगली पिकते, समुद्र कुठूनही फार लांब नाही. मग तिथली माणसं एकट्या बटाट्यावर का राहिली? आवड म्हणून नाही, आणि अडाणीपणाने तर नाहीच. याचं उत्तर स्वयंपाकघरात नाही, जमिनीच्या खंडात आहे.

जमीन जमीनदारांच्या मालकीची. त्यातले कित्येक इंग्लंडमध्ये राहायचे आणि त्यांचा कारभारी वसुली करायचा. शेतकरी म्हणजे कूळ. खंड रोख भरायचा, चुकला तर घराबाहेर. त्यामुळे घरात पिकलेल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारला जाई: बाजारात याचे किती येतील? ओट विकले जात, बार्ली विकली जाई, अंडी विकली जात. डुकराला तर थट्टेने ‘खंड भरणारे साहेब’ म्हणत. घरात लाडाने वाढवायचं आणि ऐन वसुलीच्या वेळी जत्रेत नेऊन विकायचं. लोणी लाकडी पिंपांत भरून कॉर्क शहरात जाई. तिथली लोण्याची पेठ एकोणिसाव्या शतकात जगातल्या सर्वांत मोठ्या पेठांत गणली जायची, आणि तिथून ते लोणी जहाजाने दूर दूर रवाना व्हायचं. लोणी गेलं की मागे ताक उरतं. घरची माणसं ताक प्यायची ती अशी. ज्याच्याकडे गाय नव्हती तो शेजारच्या शेतकऱ्याकडून ताक आणायचा, कधी पैसे देऊन, कधी काम करून.

कुळांच्याही खाली एक थर होता, भूमिहीन मजुरांचा. त्यांना झोपडी आणि बटाट्यापुरता जमिनीचा तुकडा मिळे, आणि त्या बदल्यात मालकाच्या शेतात राबायचं. एकर-दीड एकर बटाट्यांवर पाच-सहा माणसांचं कुटुंब वर्षाचे बरेच महिने निघायचं. तेवढ्याच जमिनीत ओट पेरले असते तर निम्मं घर उपाशी राहिलं असतं. १८४१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. त्यातले ३० लाखांच्या आसपास लोक जवळजवळ पूर्णपणे बटाट्यावर जगत. एक तृतीयांशाहून जास्त घरं तर एका खोलीची मातीची खोपटी होती.

हे असं पहिल्यापासून नव्हतं. बटाटा आयर्लंडमध्ये आला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधीचं जेवण दुधावर उभं होतं: दही, ताक, चीज, भरपूर लोणी आणि जोडीला ओटची लापशी किंवा ओटच्या पिठाची कडक भाकरी. उन्हाळ्यात तरुण पोरं-पोरी गुरं घेऊन डोंगरावरच्या कुरणांत जात, तिथेच खोपी बांधून राहत, आणि लोणी काढून खाली गावात पाठवत. लोणी दलदलीत पुरून ठेवायचीही चाल होती. त्या थंड, आम्लयुक्त चिखलात हवा पोचत नाही, त्यामुळे ते सडत नाही. आजही इंधनासाठी दलदल खोदताना लाकडी भांड्यांतले लोण्याचे गोळे सापडतात, त्यांतले काही दोन हजार वर्षांहून जुने आहेत. ज्या घरात इतकं लोणी होतं त्याच घरात पुढे ते पाहुण्यासारखं येऊन बाजारात जाऊ लागलं, हे या इतिहासातलं सगळ्यात बोचणारं आहे.

बटाट्याची बाजूही मांडायला हवी. सालासकट उकडलेला बटाटा आणि ताक ही जोडी दिसायला दरिद्री असली तरी पोषणाला उणी नव्हती. पिष्ट, क जीवनसत्त्व, प्रथिनं, ताकातून कॅल्शियम, सगळं त्यात येत होतं. याचा पुरावा थेट हिंदुस्थानशी जोडलेल्या कागदपत्रांतून मिळाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात भरती होणाऱ्या गोऱ्या शिपायांची उंची नोंदवली जात असे. कॉर्मॅक ओ ग्राडा आणि जोएल मोकिर या अर्थ-इतिहासकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या या नोंदी तपासल्या, तेव्हा आयरिश रंगरूट इंग्लिश रंगरुटांपेक्षा उंच निघाले. ब्रेड खाणाऱ्या श्रीमंत देशाची पोरं बुटकी आणि बटाटे खाणाऱ्या गरिबांची उंच! खाणं वाईट नव्हतं. दुसरं काहीच हाताशी नसणं वाईट होतं.

आता प्रत्यक्ष पंगतीत बसू. चुलीच्या जागी जमिनीलगत पेटलेला विस्तव, त्यावर आकड्याला टांगलेलं तीन पायांचं काळं लोखंडी भांडं. बटाटे धुऊन सालासकट त्यात टाकायचे. शिजले की भांडं दाराबाहेर न्यायचं आणि विलो झाडाच्या काड्यांच्या चपट्या टोपलीत ओतून पाणी निथळू द्यायचं. मग तीच टोपली भांड्याच्या तोंडावर ठेवली की झालं टेबल. खरं टेबल असलंच तर कित्येक घरांत ते भिंतीला बिजागरीने अडकवलेलं असे, जेवताना पाडायचं आणि नंतर परत वर चढवायचं. सगळे बुटक्या स्टुलांवर टोपलीभोवती बसत. मध्ये मिठाच्या पाण्याची वाटी, प्रत्येकाच्या हाताशी ताकाचं लाकडी भांडं. काटे-चमचे नाहीत. बटाटा सोलायला अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं असायचं. साली डुकराला आणि कोंबड्यांना. कष्टाच्या दिवसांत बटाटा पुरता शिजवत नसत, मधला गाभा कच्चट ठेवत. तो पोटात जास्त वेळ टिकतो आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही, असा त्यांचा अनुभव.

तोंडी लावायला काय, हा खरा प्रश्न. एखादी खारवलेली हेरिंग मासळी असली तर ती अख्ख्या घरात वाटायची, किंवा ती उकडलेल्या पाण्यात बटाटा बुडवायचा. किनाऱ्यावरची माणसं खडकांवरचे शिंपले आणि समुद्री शेवाळ खात. डल्स नावाचं शेवाळ वाळवून तसंच चघळत, कॅरगीन दुधात उकळून घट्ट करत. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांच्याबद्दल एक विनोद प्रसिद्ध होता: छताला टांगलेल्या मांसाच्या तुकड्याकडे बटाटा दाखवायचा आणि तोंडात टाकायचा. गरिबांनी स्वतःवर केलेला विनोद आहे, त्यामुळे त्यात खोटं फार नाही.

बटाटा वर्षभर टिकत नाही, ही मोठी अडचण. विशेषतः ‘लंपर’ नावाची जात. कसलीही निकृष्ट जमीन असो, भरघोस यायची, पण चव पाणचट आणि साठवण कमी. जुने बटाटे उन्हाळ्याच्या तोंडाशी संपत आणि नवे ऑगस्टच्या सुमारास निघत. मधल्या जुलैला ‘कोबीचा जुलै’ असं नाव होतं, कारण तेव्हा पानंच उकडून खायची वेळ येई. ओटचं पीठ सावकाराकडून उधार घ्यायचं, तेही चढ्या भावाने. घरचा पुरुष कापणीच्या मजुरीसाठी इंग्लंड-स्कॉटलंडला जायचा, आणि बायको कित्येकदा दाराला कडी लावून पोरांसह लांबच्या गावी भीक मागायला निघायची. लांबच्या, कारण ओळखीत हात पसरायची लाज. म्हणूनच जुलैच्या शेवटच्या रविवाराला एवढं महत्त्व. त्या दिवशी नव्या बटाट्यांची पहिली खोदणी व्हायची आणि लोक डोंगरावर चढून रानटी निळी बोरं गोळा करायचे. नवा बटाटा त्याआधी उकरणं म्हणजे घर चालवता येत नसल्याची कबुली मानत.

१८४५ च्या शरद ऋतूत बटाट्याची पानं काळी पडू लागली. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स नावाचा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव ओल्या हवेत झपाट्याने पसरतो आणि जमिनीतल्या बटाट्याचाही लगदा करतो. १८४६ मध्ये जवळजवळ सगळं पीक गेलं. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८५१ ला लोकसंख्या ६५ लाखांवर आली होती. त्या काळातही बंदरांतून ओट, लोणी आणि गुरं बाहेर जातच होती. ती विकून खंड भरायचा होता ना! सरकारने अमेरिकेतून मका आणला, पण तो टणक, नीट दळलेला नाही, शिजवायचा कसा हे कुणाला माहीत नाही. उपाशी पोटात तो गेला की पोटच बिघडे.

दुष्काळानंतरचं जेवण वेगळं आहे, आणि ज्याला आज आपण ‘पारंपरिक आयरिश’ म्हणतो ते बरंचसं याच काळातलं. सोडा ब्रेड घ्या. खायचा सोडा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दुकानांत मिळू लागला. आयर्लंडचा गहू मऊ, त्यात चिवटपणा कमी, यीस्टने तो नीट फुगत नाही. पण ताक आंबट, सोडा अल्कधर्मी. दोन्ही एकत्र आले की कणकेत लगेच वायूचे बुडबुडे होतात आणि पाव फुगतो. मळायचं जवळजवळ नाहीच, नाहीतर वायू निघून जातो. गोल लादी थापून वर सुरीने फुली मारायची. भट्टी कुणाच्याच घरी नव्हती, म्हणून सपाट बुडाच्या जाड लोखंडी भांड्यात लादी ठेवून, झाकण लावून, भांडं विस्तवावर टांगायचं आणि झाकणावर पेटते निखारे रचायचे. खालून-वरून सारखी आच लागली की तासाभरात पाव तयार.

चहाही याच सुमारास खेड्यात शिरला. आधी फक्त नाताळ आणि ईस्टरला. पहिल्यांदा चहा आणलेल्या बाईने पानं उकळून पाणी फेकून दिलं आणि पानांवर लोणी घालून वाढली, अशी गोष्ट जवळपास प्रत्येक गावात शेजारच्या गावावर ढकलून सांगितली जाते. मग कोंबड्या हाताशी असलेल्या बायका अंडी दुकानात देऊन त्या बदल्यात चहा-साखर आणू लागल्या, आणि वीस-तीस वर्षांत चहा ताकाच्या जागी येऊन बसला. पोषणाच्या दृष्टीने हा सौदा घाट्याचा होता, पण सांगणार कोण कोणाला! डुक्कर मारलं की मात्र शेजाऱ्यांकडे ताज्या मांसाचा वाटा जायचाच. त्यांचं डुक्कर कापलं की तो परत यायचा. शीतपेटी नसलेल्या गावात ताजं मांस साठवायची यापेक्षा चांगली सोय नव्हती.

ही सगळी माहिती आली कुठून, तर बरीचशी शाळकरी पोरांच्या वह्यांतून. १९३५ साली आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला, आणि १९३७ ते १९३९ या काळात त्याने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना एक काम दिलं: निबंधाच्या तासाला आजी-आजोबांना विचारून जुन्या गोष्टी लिहून आणायच्या. पूर्वीचं जेवण, खेळ, औषधं, भुतं, हवामानाचे अंदाज, सगळं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी ज्या म्हाताऱ्यांना विचारलं त्यांच्या आई-बापांनी दुष्काळ पाहिलेला होता.

या वह्यांत जेवण आटोपशीर आहे आणि करमणूक ओसंडून वाहते. याचंही कारण बटाट्यातच आहे. ओळींच्या उंच वाफ्यांवर बटाटा लावला की वसंतातली लावणी आणि शरदातली खोदणी सोडून फारसं काम नाही. हिवाळ्याच्या लांबच लांब रात्री मोकळ्या. जंगल केव्हाच संपलेलं, पण दलदलीतलं पीट होतं. शतकानुशतकं साचून अर्धवट कुजलेली ही वनस्पती मे-जूनमध्ये लांब पात्याच्या कुदळीने विटांसारखी कापायची, माळावर उभी करून वाळवायची, आणि गाढवावरून घरी आणायची. त्याला कष्ट पडत, पैसा पडत नसे. विस्तव कधी विझू देत नसत. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी पुन्हा फुंकायचे. उजेडाला लव्हाळ्याची वात: साल काढून, एक पट्टी आधाराला ठेवून, आतला गाभा चरबीत बुडवायचा. असली वात घरोघरी जाळण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच घरी जमलेलं बरं. गावात अशी दोन-तीन ठरलेली घरं असत. तिथे बोलावणं लागत नसे. दार लोटायचं, देवाचं नाव घेऊन घराला आशीर्वाद द्यायचा आणि विस्तवाजवळ बसायचं. घरात लोणी घुसळणं चालू असेल तर मात्र आल्या-गेल्याने रवीला हात लावायलाच हवा, नाहीतर तो घरचं लोणी पळवायला आला असं समजत.

बैठकीत आधी बातम्या, मग गप्पा, मग गोष्टी. पहिली गोष्ट यजमानाने सांगायची, पुढच्या उजाडेपर्यंत पाहुण्याने, असा रिवाज. वीरांच्या मोठ्या कथा हिवाळ्यातच आणि रात्रीच सांगायच्या, दिवसा सांगणं अशुभ. केरी परगण्यातल्या किल रियालीचे शॉन ओ कोनिल हे असेच एक कथेकरी शेतकरी. लिहिता-वाचता येत नव्हतं, आयरिशशिवाय भाषा नव्हती, आणि कथांचा साठा अफाट. गावात ऐकणारे कमी होत गेले तेव्हा कथा विसरू नयेत म्हणून ते आसपास कोणी नाही असं पाहून एकटेच मोठ्याने, हातवारे करून त्या सांगत बसत. पुढे लोकसाहित्य आयोगाचे प्रमुख झालेले शेमस ओ डुलार्गा यांनी १९२० च्या दशकात त्यांच्याकडे जाऊन त्या उतरवून घेतल्या, म्हणून वाचल्या.

गोष्टींना कंटाळले की नाच. सारंगीसारखी खांद्यावरची फिडल, टिनची शिट्टी, पुढे मेलोडियन हे भात्याचं वाद्य. वाद्य नसलं तर कुणीतरी तोंडानेच निरर्थक बोलांवर चाल धरायचं. फिरते नृत्यशिक्षक गावात काही आठवडे मुक्काम करून शिकवत. ज्यांना डावं-उजवं कळत नसे त्यांच्या एका पायाला गवताची दोरी आणि दुसऱ्याला विलोची फांदी बांधून ते ‘गवत उचला, फांदी टाका’ असा हुकूम सोडत. जमीन मातीची, तिच्यावर पायाचा ठेका वाजेना, म्हणून अर्धा दरवाजा बिजागरीवरून काढून आडवा टाकायचे आणि एकेकाने त्यावर नाचायचं. काही घरांत तर चुलीपुढच्या फरशीखाली घोड्याची कवटी पुरलेली सापडली आहे. पोकळीमुळे ठेका घुमतो.

मयताच्या घरीही खेळ चालत, हे बाहेरच्यांना पचत नाही. मृतदेह रात्रभर घरात ठेवायचा आणि त्याला एकटं सोडायचं नाही. एका बाजूला शोक करणाऱ्या बायकांचं विलापगीत, दुसरीकडे मातीचे पाइप, तंबाखू, तपकीर आणि पोरांचे खेळ. एका खेळात सगळे गुडघे उभे करून गोल बसत आणि पायांखालून एक बूट फिरवत. मधल्याने तो शोधायचा, शोधता शोधता पाठीत त्याच बुटाचे रट्टे खायचे. तरुण मेलेला असेल किंवा अपघात असेल तर खेळ नसत. पिकलं पान गळलं असेल तर रात्र जत्रेसारखी. चर्चने सतराव्या शतकापासून यावर बंदीचे फतवे काढले आणि लोकांनी दोनशे वर्षं ते ऐकले नाहीत.

पत्त्यांत ‘पंचवीस’ आणि ‘पंचेचाळीस’. हुकुमाची पंजी सर्वांत मोठी, मग हुकुमाचा गुलाम, आणि तिसरा नेहमी बदामचा एक्का, हुकूम कोणताही असो. लाल पानांत मोठा आकडा जिंकतो, काळ्या पानांत लहान. नवख्याचं डोकं फिरतं. नाताळाच्या आधी बक्षीस म्हणून हंस किंवा टर्की लावत. मुलींचे पाच खड्यांचे सागरगोटे. कॉर्क आणि आर्मा भागात रस्त्यावरून सुमारे ८०० ग्रॅमचा लोखंडी गोळा फेकत मैलोगणती जायचं आणि सर्वांत कमी फेकांत पोचायचं, त्यावर पैजा. ही शर्यत आजही चालू रस्त्यावर होते.

सर्वांत मोठा खेळ हर्लिंग, काठी-चेंडूचा. अ‍ॅश झाडाच्या बुंध्याशी जिथे लाकूड आपसूक वळतं तिथली काठी, आणि केसांचा गोळा चामड्यात शिवलेला चेंडू. अठराव्या शतकात जमीनदार आपापल्या कुळांचे संघ उतरवून त्यांच्यावर सोन्याच्या नाण्यांची पैज लावत, तर गरिबांत दोन गावांच्या शिवारातून, कुंपणं ओलांडत, मोजदाद नसलेल्या माणसांचा खेळ व्हायचा. १ नोव्हेंबर १८८४ ला थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन या आयरिश खेळांच्या संघटनेची स्थापना झाली आणि खेळाला छापील नियम आले. सुरुवातीला एका बाजूला २१ खेळाडू होते, १९१३ पासून १५.

घरातल्या बैठकींना पहिला धक्का कायद्याने दिला. १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्यानुसार नाचाला परवाना लागू लागला. कायदा सभागृहांपुरता होता, पण कित्येक पाद्र्यांनी आणि पोलिसांनी त्याचा धाक घरच्या नाचांनाही घातला. रेडिओने मात्र लोकांना आधी जवळच आणलं. २९ ऑगस्ट १९२६ ला किलकेनी विरुद्ध गॉलवे हा हर्लिंगचा उपांत्य सामना रेडिओवरून सांगितला गेला. पुढे गावात एखाद्याकडेच संच असायचा, तोही बॅटरीवर चालणारा. बॅटरी शहरात नेऊन भरून आणावी लागे, म्हणून आठवडाभर संच बंद ठेवून ती रविवारच्या सामन्यासाठी राखायची. सामन्याला खिडकी उघडून संच तिच्यात ठेवायचा आणि अंगणात गाव उभं राहायचं. १९४६ पासून खेड्यांत विजेचे खांब उभे राहू लागले. मग दिवा ज्याच्या-त्याच्या घरी आला आणि रेडिओही.